गाडीतली बाई, फोनमधली बाई : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ज्यांनी नुकतीच चारचाकी घेतली आहे, किंवा घेतलेल्याच्या शेजारी बसायची ज्यांच्यावर वेळ आली आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. अनुभवी चालकांनी वाचू नये. त्यांना सगळं आधीच माहीत असतं, आणि म्हणूनच शेवगावला येताना पांढरीपुलावर वळायचं सोडून ते घोडेगाव ओलांडतात आणि मग ‘रस्ता बदललाय’ म्हणतात.

लागणारं साहित्य : एक गाडी. एक फोन. चार्जिंगच्या दोन वायरी, कारण एक घरातल्या कुणीतरी काढून नेलेली असते. डॅशबोर्डला चिकटवायचा स्टँड, जो पहिल्या खड्ड्यात पडतो. आणि शेजारच्या सीटवर बसायला एक माणूस. तो शक्यतो सासरकडचा नसावा.

मुक्कामाचं ठिकाण शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर. दुसऱ्या गावी जायचं असेल तर त्या गावच्या लेखकाला विचारा.

धडा पहिला : आधी ‘व’ शोधा

गाडी सुरू करू नका. आधी फोनमध्ये किंवा गाडीच्या पडद्यावर गावाचं नाव घाला, आणि घातल्यावर पुन्हा वाचा. मग चष्मा लावून पुन्हा एकदा वाचा.

शेगाव वेगळं, शेवगाव वेगळं. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं. शेवगाव आमचं. दोन्हींमध्ये एका ‘व’चा फरक आहे आणि अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. फोनला तोंडी सांगितलं तर तो हमखास शेगाव ऐकतो, कारण त्याला विचारणारे बहुतेक लोक तिथंच चाललेले असतात. माझ्या गाडीच्या पडद्यावर गोलाकार खटका फिरवत एकेक इंग्रजी अक्षर निवडावं लागतं. एस, एच, ई झालं की पडदा यादी पुढे करतो आणि तिच्यात शेगाव वर असतं. माणूस कंटाळलेला असतो. वरचं दाबतो.

एकदा मी शेवगावच्या क्रांती चौकात चहा पीत उभा होतो. परगावची पासिंग असलेली गाडी येऊन थांबली. पुढच्या सीटवरचे काका उतरले, चपला गाडीतच ठेवल्या, आणि अनवाणी चहाच्या गाड्यापाशी येऊन हात जोडून म्हणाले, “दर्शनाची रांग कुठून सुरू होते?”

चहावाल्यानं पातेल्यातून नजरही काढली नाही. “बाबा, ते शेगाव. हे शेवगाव. चपला घाला, पाय भाजतील. चहा किती देऊ?”

किती हे काकांना सांगता येईना. गाडीतल्या चौघांनी मिळून ठरवलं, पाच.

तेव्हा खात्री करून घ्यायच्या दोन खुणा लिहून ठेवा. पहिली, पिनकोड. शेवगावचा 414502. दुसरी अधिक सोपी. पडद्यावर मुक्कामाच्या गावाशेजारी रेल्वेचा रूळ दिसतोय का बघा. दिसत असेल तर गाव चुकलं. शेगाव मुंबई–हावडा मार्गावर आहे. शेवगावला रेल्वे नाही.

धडा दुसरा : ठिपका, कागद आणि वाट

नवशिक्याला वाटतं की नेव्हिगेशन ही एक वस्तू आहे. तिथं तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असतात. खाली कागद, म्हणजे नकाशा. कागदावर ठिपका, म्हणजे तुम्ही. आणि ठिपक्यापासून मुक्कामापर्यंत काढलेली वाट. काही बिघडलं की तिघांपैकी नेमकं कोण बिघडलं हे आधी ओळखायचं. बहुतेक लोक न ओळखताच शेजारच्या सीटवर ओरडतात.

आधी ठिपका. तो मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून नसतो. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह दिवसरात्र एकच पालुपद लावून असतात, मी इथं आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले. फोन नुसता ऐकतो. निरोप पोहोचायला किती उशीर झाला यावरून तो प्रत्येक उपग्रहापासूनचं अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की त्याला स्वतःची जागा कळते. आता आपलेही ‘नाविक’चे उपग्रह आहेत, पहिला जुलै 2013मध्ये गेला. या ऐकण्याला ना रिचार्ज लागतो ना रेंज.

मे 2000पर्यंत अमेरिका हा निरोप सामान्यांसाठी मुद्दाम बिघडवून सोडत असे. शंभरेक मीटरची चूक त्यात धरूनच चालावं लागे. क्लिंटन यांनी तो प्रकार बंद केला. मोकळ्या समुद्रात शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. आमच्या पेठेत शंभर मीटर म्हणजे मेडिकलमध्ये शिरायचं असताना खताच्या दुकानात शिरणं.

तर रेंज गेली तरी ठिपका जात नाही, त्याच्याखालचा कागद जातो. फोन नकाशाचे तुकडे वाटेत, लागतील तसे इंटरनेटवरून मागवत असतो. करंजी घाटात किंवा बोधेगावच्या पुढं कुठं रेंज गेली की पडदा पांढराफटक होतो आणि तुमचा निळा ठिपका त्यात त्रिशंकूसारखा लोंबकळत राहतो. उपाय साधा आहे. घरून निघताना त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. हे काम दोन मिनिटांचं आहे. मी आजवर तीन जणांना ते शिकवलं. तिघांनीही ते घाटात गेल्यावर, रेंज नसताना, करायला घेतलं.

धडा तिसरा : गाडीतली बाई

वाट सांगणाऱ्या सगळ्या बायकांमध्ये ही थोरली. जपानच्या होंडानं 1981मध्ये गाडीत बसवायचं पहिलं नकाशायंत्र विकायला काढलं, तेव्हा उपग्रह कामाला नव्हतेच. पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा छोट्या पडद्यात सरकवायचा आणि गाडी कुठं किती वळली हे आतलं यंत्र मोजायचं. आपल्याकडं दिल्लीची मॅपमायइंडिया 1995पासून भारताचे नकाशे संगणकावर उतरवते आहे, म्हणजे गूगलचा नकाशा निघाला त्या 2005च्या दहा वर्षं आधीपासून. इथल्या कितीतरी गाड्यांच्या पडद्यामागं तिचेच नकाशे असतात.

माझी गाडी जुनी, हातफिरीची. तिच्यातली बाई हिंदी बोलते. आधीचा मालक नाशिकचा होता, आणि जाताना तो आपला पत्ता पुसायला विसरला. पडद्यावर ‘घर’ असं बटण आहे. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी कौतुकानं ते दाबलं. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, हे घर दोनशे किलोमीटरवर दाखवतंय. आपल्याला दुसरं घर आहे?”

ते बटण मी अजून बदललेलं नाही. बदलायचं कसं ते पुस्तिकेत आहे आणि पुस्तिका नाशिकला आहे.

या बाईचा कागद गाडीच्या आतच असतो, एका छोट्या कार्डात किंवा डब्यात. म्हणून रेंज गेली तरी तिला फरक पडत नाही. शिवाय चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली याचा हिशेब ती ठेवते. त्यामुळे बोगद्यात उपग्रह ऐकू आले नाहीत तरी ती अंदाजानं पुढं सरकत राहते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर हा गुण सोन्याचा आहे. शेवगाव तालुक्यात एकही बोगदा नाही.

तिचा दोष वयाचा. गाडी कारखान्यातून निघाली त्या सुमारास जग जसं होतं तसं ती धरून बसते. माझ्या पडद्यावर अजून अहमदनगर आहे आणि औरंगाबाद आहे. छत्रपती संभाजीनगर हे नाव 2023मध्ये आलं, अहिल्यानगर 2024मध्ये. (एसटीचा कंडक्टर ‘नगर, नगर’ ओरडतो आणि त्याच्या गाडीत बसलेला माणूस कधीही चुकीच्या गावी उतरत नाही. नवशिक्यांनी त्याचा आदर्श ठेवावा.) नावाचं एक वेळ चालून जातं. रस्त्याचं तसं चालत नाही. मागं आम्ही शेगावला निघालो. होय, मुद्दाम, ‘व’ न लावता. संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाला लागलो. हा मार्ग नागपूर ते शिर्डी असा डिसेंबर 2022मध्ये सुरू झाला. माझ्या बाईला त्याची बातमीच नाही. पडद्यावर आमची गाडी कुणाच्या तरी शेतातून, विहिरी, नाले, बांध काही न जुमानता, ताशी शंभरच्या वर चाललेली. आणि बाई दर मिनिटाला कळवळून, “कृपया यू-टर्न लें.” दोन तास ती आम्हाला परत बोलावत होती. मेहकरला खाली उतरून जुना रस्ता लागला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आवाजातसुद्धा मला फरक जाणवला, पण ते बहुधा माझं मन असेल.

नकाशा नवा करून मिळतो. एका सर्व्हिस सेंटरात मी चौकशी केली. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात पुढचे दोन टायर येत होते. मी टायर घेतले.

धडा चौथा : फोनमधली बाई

ही तरुण. मराठी बोलते, जरी ‘ढोरजळगाव’ म्हणताना तिची जीभ अडखळते. फुकट आहे. तिला नवं नाव लगेच कळतं, नवा पूल कळतो, परवा उघडलेला धाबाही कळतो. पुढं गर्दी कुठं आहे ते ती आधीच लाल रेघ मारून सांगते.

लाल रेघेचं रहस्य नवशिक्यांनी समजून घ्यावं. वरून कुणी कॅमेऱ्यानं बघत नसतं. त्या रस्त्यावरचे इतर फोन किती वेगानं सरकताहेत यावरून ती गर्दीचा अंदाज बांधते. फोन रांगत असतील तर रस्ता तुंबला असं तिला वाटतं. सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं बर्लिनमध्ये 99 फोन एका हातगाडीत घातले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली. नकाशावर रस्ता लालभडक. 2020मध्ये त्यानं याचं चित्रण जगाला दाखवलं आणि जग थक्क झालं.

आमच्याकडं हा प्रयोग दर हंगामात होतो आणि कुणी थक्क होत नाही. भेंड्याला ज्ञानेश्वर, बोधेगावला केदारेश्वर, नजीक बाभुळगावला गंगामाई, असे साखर कारखाने. गाळप सुरू झालं की चारी बाजूंनी ट्रॅक्टर निघतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर पाचट लोंबणारा ऊस, आणि चालकाच्या खिशात गाणी वाजवणारा फोन. मधूनच बैलगाड्यांची रांग. हे सगळे फोन माणूस चालतो त्याहून थोड्या जास्त वेगानं सरकत असतात. तेव्हा दिवाळीनंतर शेवगावच्या वाटेवर लाल रेघ दिसली तर अपघात झाला असं समजू नका, पुढं ऊस आहे. आणि रात्रीची वेळ असेल तर पडदा सोडून समोर बघा. ट्रॉलीच्या मागं दिवा असेलच असं नाही, आणि नकाशात ट्रॉली नसते.

तिचे इतर दोष किरकोळ आहेत. मे महिन्यात काचेखाली ठेवलेला फोन तापतो आणि ऐन फाट्यावर मिटून घेतो. नेमक्या वळणावर मेहुण्याचा फोन येतो, “दाजी, कुठवर आलात?” आणि त्याच्या नावाखाली वळण झाकलं जातं. मेहुण्याचं नाव पडद्यावरून बाजूला सारेपर्यंत दाजी पुढं गेलेले असतात.

पण मोठा दोष एकच, हाव. तिला मिनिटं वाचवायची फार हौस. ‘3 मिनिटं वाचतील’ असं म्हणून ती एक करड्या रंगाची रेघ दाखवते. नवशिक्याला वाटतं, वाचू देत की. त्या तीन मिनिटांचं तो करणार काय आहे, हे त्याला कुणी विचारत नाही.

जुलैतली संकष्टी. आम्ही आव्हाणे बुद्रुकला गेलो होतो. तिथला गणपती निद्रिस्त आहे, मूर्ती आडवी. दर्शन झालं, परतताना अंधारून आलं, दुपारी पाऊस होऊन गेलेला. फोननं तीन मिनिटं देऊ केली आणि मी घेतली. डांबर संपलं, खडी लागली. खडी संपली, माती लागली. आमच्याकडची काळी माती कपाशीला चांगली. पावसात ती चाकाला धरते आणि सोडत नाही; चिकटत चिकटत चाक मडगार्डएवढं होतं. गाडी आडवी झाली. गणपतीसारखीच, पण तेवढी शांत नाही. बाई मात्र निर्धास्त. “चारशे मीटर सरळ जा.”

समोरून एक बॅटरी हलत आली. मागं माणूस, खांद्यावर पोतं.

“फोननं आणलं ना?” त्यानं विचारलं.

मी गप्प.

“या महिन्यातलं तुम्ही चौथं. त्यो बांध दिसतोय? पार तिथवर येत्यात लोकं.”

“पुढं रस्ता नाही?”

“पुढं माझी तूर हाय.”

ट्रॅक्टर आणायला तो घरी गेला. आल्यावर आधी दर सांगितला. “परवा एकाला हजार घेतले. तुम्ही जवळचे म्हणून आठशे.” साखळी लावली, ओढलं, पैसे घेतले, आणि जाताना म्हणाला, “वहिनी, पाय धुवायला पाणी हाय का घरून आणू?” ते तेवढं फुकट होतं.

आता ही वाट तुरीत घुसली कशी, याचा मी नंतर विचार केला. बाईची चूक म्हणावं तर तशी पूर्ण नव्हती. तलाठ्याकडं गावाचा नकाशा असतो, त्यात गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. कागदावर ती पाणंद आहेच. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगराच्या एका तासानं सरकत गेले आणि पाणंद तुरीत विरघळली. म्हणजे सरकारी कागद आणि फोनमधली बाई, दोघांचं एकमत होतं. तूर तेवढी वेगळ्या मताची होती.

धडा पाचवा : पाणी

इथं थट्टा बाजूला ठेवतो.

जानेवारी 2021. आपलाच जिल्हा, अकोले तालुका, कोतूळ. पुण्याहून कळसूबाईकडं निघालेली गाडी रात्रीच्या अंधारात फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर जुन्या पुलाच्या वाटेला लागली. पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी पाण्यात गेली, एक जण बुडून मरण पावला. पूल बुडालेला आहे हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. नकाशात पूल होता, त्याच्यावर चढलेलं पाणी नव्हतं. नोव्हेंबर 2024मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ गाडी अर्धवट पुलावरून खाली पडली, तिघं गेले. तिथंही नकाशावर रस्ता पुढं जात होता.

नकाशा खोटं बोलत नाही. तो जुनं खरं सांगतो. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तशी नकाशावर असायला हवी होती. नसते, म्हणून आपण ती विचारायची.

शेवगाव तालुक्याला हे कुणी शिकवायला नको. जायकवाडीची पायाभरणी 1965मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि 1976मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. पैठणला भिंत उभी राहिली आणि मागं पाणी पसरत नेवासे, शेवगाव, गंगापूर, पैठणच्या शंभरावर गावांवर चढलं. माणसं उठून वरच्या अंगाला नव्या गावठाणात आली. देव आणले, नावं आणली, चौकट-दारं काढून आणली. रस्ते आणता येत नाहीत. 1960चा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवले तर एकावर गाडीवाट आहे आणि दुसऱ्यावर त्याच जागी निळा रंग. दोन्ही कागद आपापल्या तारखेला बरोबर.

आणि ही फक्त धरणाचीच गोष्ट नाही. एरवी कोरडी पडलेली नंदिनी नदी ऑगस्ट 2021च्या अखेरीस अशी आली की काठच्या गावांत घरांत पाणी शिरलं. ओढ्यावरचा बुटका पूल दुपारी पूल असतो आणि संध्याकाळी धबधबा. गाडीतल्या बाईला तो पूल वर्षानुवर्षं कोरडा दिसतो. फोनमधल्या बाईला कुणीतरी कळवेपर्यंत कोरडा दिसतो. पुलावर पाणी असेल तर थांबायचं. बाई काहीही म्हणो.

धडा सहावा : पारावरचा नकाशा

इथं वाचकाला वाटेल, आता हा म्हणणार की यंत्रांचं सोडा, माणसाला विचारा. सावकाश घ्या. माणूस हाही नकाशाच आहे आणि त्याची तारीख सगळ्यांत जुनी.

आमच्याकडं वाट विचारली तर उत्तर असं येतं. “नाकासमोर जा. गिरणी लागंल. गिरणीच्या डाव्या अंगाला उतरा. मग बाभळ. बाभळीपासनं उगवतीकडं, हाकेच्या अंतरावर.” तुम्ही जाता. गिरणी लागत नाही. ती बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान झालंय, आणि मोबाइलवाल्या पोराला तिथं गिरणी होती हे माहीत नाही. बाभळ रस्ता रुंद करताना गेली. ‘हाकेचं अंतर’ हाक कोण मारतंय त्यावर आहे. सांगणाऱ्यानं मात्र तुम्हाला फसवलेलं नसतं. त्याच्या डोळ्यांपुढं गिरणीचा पट्टा अजून फिरतोय.

धरणातून उठून आलेल्या एका म्हाताऱ्यांना मी एकदा त्यांच्या सोयऱ्याच्या गावाची वाट विचारली. त्यांनी हात पसरून अगदी बारकाईनं सांगितली. नदीला उतार कुठं, आमराई कुठं, देवळाला वळसा कुठून. मी मान हलवत ऐकून घेतलं. सगळी वाट पाण्याखालची होती. सांगून झाल्यावर ते स्वतःच हसले. “आता नाही जाता यायचं म्हणा तिकडनं.”

शिवाय बुद्रुक-खुर्दचा घोळ. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, फारसीतून आलेले शब्द. वरूर बुद्रुक आहे, वरूर खुर्द आहे. आव्हाण्यातही तेच. फोनला बुद्रुक-खुर्द नीट सांगितलं तर तो नीट नेतो. माणसाला विचारलं तर तो नुसतं ‘वरूर’ म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीनं एकच वरूर खरं असतं, त्याच्या बायकोचं माहेर असलेलं.

पण एक गोष्ट आहे. रस्त्याबद्दल तो चाळीस वर्षांपूर्वीचं सांगतो आणि पाण्याबद्दल आज सकाळचं. कुठल्या ओढ्याला किती पाणी आहे, कुठल्या पुलाचा भराव खचला, कुठं खोदून ठेवलंय, कुठं रास्ता रोको बसलाय, हे त्याला चहाच्या आधी कळलेलं असतं. म्हणून नवशिक्यानं कामं वाटून द्यावीत. वळण फोनला विचारायचं. पूल माणसाला विचारायचा. गाडीतल्या बाईला विचारायचं ते बोगद्यात.

आणि माणसाला विचारताना काच पूर्ण खाली करा, इंजिन बंद करा, ‘राम राम’ म्हणा. अर्धी काच खाली करून “ओ, शेवगाव?” असं विचारणाऱ्याला आमच्याकडं बरोबर रस्ता सांगतात, पण लांबचा.

धडा सातवा : लोकेशन पाठवणे

हा धडा यजमानांसाठी. वास्तुशांत आमच्याकडं होती. पुण्याहून मेहुणा सहकुटुंब, चाकणहून साडू, आणखी दोन गाड्या. सगळ्यांनी लोकेशन मागितलं. मी सकाळी दाढी करायला सलूनमध्ये बसलो होतो. बसल्या बसल्या, तोंडाला फेस असताना, सगळ्यांना पाठवून दिलं. फोननं मी होतो तिथलं पाठवलं.

बारा वाजता सलूनवाल्याचा फोन. “दादा, तुमचे पाव्हणे आलेत.”

“कुणाचे?”

“चार गाड्या हायेत. बायका साड्या नेसून उतरल्यात, हातात आहेराच्या पिशव्या. म्या बसवलंय, पण खुर्च्या दोनच.”

मी जाईपर्यंत मेहुण्यानं कटिंग करून घेतली होती.

म्हणून, घराचं लोकेशन घरात बसूनच पाठवा. नाहीतर नकाशावर आपलं घर बोटानं दाबून ठेवा आणि तिथली खूण पाठवा. लाइव्ह लोकेशन म्हणजे तुम्ही, घर नव्हे. ते पाठवून तुम्ही बाजारात गेलात तर पाहुणे बाजारात येतील.

शेवटचं, खरेदी करणाऱ्यांसाठी

माझं मत विचाराल तर नव्या गाडीत केवळ नेव्हिगेशनसाठी वरच्या मॉडेलचे पैसे देऊ नका. फोन गाडीच्या पडद्यावर दिसेल एवढी सोय असली की पुरे. ती आता बऱ्याच गाड्यांत येते. मोठा पडदा गाडीचा, ताजा कागद फोनचा. राहिलेल्या पैशांत टायर घ्या. मी घेतले, अजून चांगले आहेत. आधीच्या मालकाचं ‘घर’ मात्र हातफिरीची गाडी घेतल्या दिवशीच पुसा, विशेषतः घरचे लोक बटणं दाबणारे असतील तर.

आणि नाव घालताना ‘व’. मुक्कामी पोहोचल्यावर तुमच्यासमोर पहिल्यांदा गरम कचोरी आली तर ती सावकाश खा, दर्शन घ्या, आणि मग मला फोन करा. शेवगाव मागं राहिलंय.